करापुरती अमेरिकेत

पद्मिनीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. गच्चीवरच्या खोलीत नळाखाली बादली वाजली की खाली मला कळे, ही उठली. हॉस्पिटलची गाडी साडेचारला चौकात यायची. डिसेंबरच्या धुक्यात समोरचा दिव्याचा खांब दिसत नाही, तरी गाडीला तिच्यासाठी कधी हॉर्न वाजवावा लागला नाही.

काम ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याचं. रक्ताने भरलेल्या कात्र्या-चिमटे घासायचे, मोजून कापडात बांधायचे, वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायचे. यंत्राचं दार जड, तापलेलं. सकाळचं पहिलं ऑपरेशन सुरू व्हायच्या आत सगळं वर पोचलं पाहिजे. मी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथवर उभा राहिलो. उभं राहून केलेलं काम मला ओळखता येतं. हिचं ते काम होतं.

मूळची मिरजेची. भाऊ हवाई दलात. त्याची बदली चंडीगडला झाली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि अमेरिकेच्या व्हिसाची वाट पाहायची होती, म्हणून ती त्याच्याकडे आली. पुढे भावाची बदली जोधपूरला झाली. तोवर व्हिसा आला नव्हता, पण नोकरी लागली होती. मग ती आमच्या सेक्टर चाळीसमधल्या घराच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एका खोलीत, भाड्याने राहू लागली.

नवरा परीक्षित. पुण्याचा, आता अमेरिकेचा नागरिक. टेक्सासमध्ये खुर्चीत बसून काहीतरी करतो. लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेला. बायकोला न्यायचं तर अर्ज नवऱ्याने तिथून करायचा असतो. तो त्याने केला नव्हता. दिवाळीनंतर करतो, घर बदललं की करतो, प्रोजेक्ट संपलं की करतो. अशी तीन वर्षं गेली. माझ्या खात्यात असा माणूस असता तर मी त्याच्या हातात झाडू दिला असता, आणि संध्याकाळी तोही काढून घेतला असता.

मला तिचाही राग येई. वाट पाहणं हे काम नव्हे. पण सुनंदाने, माझ्या बायकोने, मला दटावून ठेवलं होतं. "तुम्ही तिला एक अक्षर बोलायचं नाही. लेथ वेगळा आणि पोरीचा संसार वेगळा."

फेब्रुवारीत परीक्षितची एकाएकी घाई सुरू झाली. आपल्याकडे नवरा-बायको कर वेगवेगळा भरतात. तिकडे दोघांचा मिळून भरता येतो, आणि तसा भरला की त्याच्यासारख्याचा कर बराच उतरतो. बायको परदेशी असली, परदेशातच राहत असली, तरी चालतं. दोघांनी सही करून कळवायचं की करापुरती हिला अमेरिकेची रहिवासी धरा. तिचा इथला पगारही त्यात दाखवायचा. तिला तिथला एक कर-नंबर घ्यावा लागतो आणि त्या अर्जासोबत पासपोर्ट पाठवावा लागतो.

बायकोला न्यायचा अर्ज तीन वर्षं झाला नव्हता. हे कागद आठवड्यात कुरिअरने दारात.

पद्मिनी ते घेऊन खाली आली. हातात फक्त सह्यांची पानं. बाकीचं तो तिकडे भरणार होता.

"म्हणजे करापुरती तू अमेरिकेत," मी म्हणालो.

"हो काका."

"आणि बाकीची?"

"बाकीची बरसातीत." ती हसली. मला हसू आलं नाही.

तिने सह्या केल्या, पासपोर्ट त्याच्याकडे पाठवला. हे झालं की लगेच व्हिसाचं करतो, असं त्याने सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये पासपोर्ट परत आला. नंबर मिळाला नव्हता. अर्जावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नव्हतं.

लग्नात ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. मधुरिमा. पद्मिनी हे सासूच्या नणंदेचं नाव, आणि त्या दोघींचं पटत नाही, म्हणून बदललं. पेढे वाटले गेले, तांदूळ डब्यात गेले. पुढे सासरची माणसं तेवढी तिला मधू म्हणत. पासपोर्ट, पदविका, नोकरी, बँक, सगळीकडे ती पद्मिनीच राहिली. परीक्षितने अमेरिकेच्या सरकारला तांदळातलं नाव कळवलं होतं.

त्या रविवारी तिच्या खोलीतला इस्त्रीचा प्लग बिघडला होता, म्हणून ती गणवेश घेऊन आमच्या खोलीत आली होती. फोन टेबलावर, स्पीकर चालू.

"मधू, काही टेन्शन नाही," परीक्षित म्हणाला. "तू पासपोर्टमध्ये नाव बदलून घे. एक प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, झालं."

"माझं नाव पद्मिनी आहे."

"हो गं, पण फॉर्म मधुरिमा नावाने गेलाय ना."

"मग फॉर्म बदल."

"यार, परत पहिल्यापासून सगळं भरायचं? किती काम असतं तुला कल्पना नाही."

"किती असतं रे बाबा? सांग तरी," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कोण बोललं?"

"घरमालकीण," पद्मिनी म्हणाली. "परीक्षित, पासपोर्ट तुझ्या हातात होता. उघडून बघितला नाहीस?"

"आईला विचारलं. तिने सांगितलं ते लिहिलं."

छत्तीस वर्षांचा माणूस. पासपोर्ट उघडायला दोन बोटं लागतात. तेवढेही कष्ट न घेता त्याने स्वतःच्या बायकोचं नाव आईला फोन करून विचारलं.

"आधी हे मिटू दे," तो म्हणाला, "मग व्हिसाचं बघतो. तूच अडवून धरलंस तर मी काय करू?"

आता गोष्ट साफ होती. नाव सोडलं तर कदाचित अमेरिका. नाही सोडलं तर संसार संपला. मिरजेहून आईचा फोन आला, "बायकांनी नाव धरून बसायचं नसतं." भावाचा जोधपूरहून आला, "बदल ना, एक कागद तर आहे." एक कागद. पदविका, परवाना, भविष्यनिर्वाह निधी, बँक, सगळं तिने बदलत फिरायचं. त्याला एक पान पुन्हा लिहायचा कंटाळा.

तिने ऐकलं. रजा टाकली. सुनंदा म्हणाली, "तुम्ही बरोबर जा, आणि तोंड बंद ठेवा." आम्ही बसने सेक्टर सतराला गेलो. नोटरीने टाइप केलेलं वाचून दाखवलं. पद्मिनी हे नाव मी आजपासून सोडत आहे, यापुढे मधुरिमा याच नावाने ओळखावे, वगैरे. तिने मान हलवली आणि पेन घेतलं.

"बहनजी, नए नाम से साइन करना," नोटरी म्हणाला आणि एक कोरा कागद सरकवला. "पहले इस पे दो-तीन बार लिख के देख लो. हाथ बैठ जाएगा."

तिने 'म' काढला. पेन तिथेच थांबलं. पुढे काही लिहिलं नाही. तिने पेनाला टोपण लावलं. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं.

"भाईसाहब," तिने विचारलं, "तलाक का काम करनेवाला कोई वकील है यहाँ?"

नोटरीने चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड बंद ठेवलं. त्याने बोटाने वरचा मजला दाखवला.

वकील एक वयस्कर शीख बाई होत्या. त्यांनी विचारलं, "साथ कितने दिन रहे?"

"पंद्रह दिन."

"और शादी को?"

"साढ़े तीन साल."

बाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "अमरीका में है तो कमाता तो होगा. गुज़ारा माँगेंगे?"

"नहीं. मेरी नौकरी है."

मी असतो तर पोटगी मागितली असती. पण सही माझी नव्हती. तिने आपल्या रोजच्या नावाने, न थांबता, पाच ठिकाणी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामावर गेली. त्या पगारातून आणि पुढच्या कित्येक पगारांतून वकिलाची फी गेली, कोर्टाचा खर्च गेला, आणि टेक्सासला नोटीस पोचवायच्या कुरिअरचे पैसेही तिनेच भरले.