ओसाड गावातली आत्या

मी माझ्या सख्ख्या आत्याला घरात कोंडून, बाहेरून कडी घालून, पन्नास किलोमीटर लांब निघून गेलो होतो. (हेतू वाईट नव्हता. हेतू कलात्मक होता, आणि ते जास्त वाईट!)

नव्वदनंतरची दोन-चार वर्षं उलटली असतील. हौशी लघुपटांची स्पर्धा होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला आणि भर मे महिन्यात कन्हेरीला, एकट्या राहणाऱ्या आत्याकडे बऱ्याच वर्षांनी थडकलो. विषय ठरलेला होता : उन्हाळ्यातलं ओसाड गाव. माणूस एकही दिसता कामा नये.

आणि आत्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयार!

मी तापलेल्या माळावरून कॅमेरा फिरवायला लागलो की मध्ये हिरवं लुगडं.

"आत्या, बाजूला हो ना!"

"आरं, ताक तरी घे. तोंड बघ, कसं कोळशागत झालंय."

"फिल्ममध्ये गाव ओसाड आहे, आत्या. इथं कुणीच राहत नाही."

"मग मी कुठं ऱ्हाती?"

मी तिला हाताला धरून आत नेऊन बसवलं. दोनदा ती दार उघडून डोकावली. तिसऱ्यांदा मी, कॅमेरा चालूच ठेवून, कडीच घातली. "गप बसायचं हं, आवाजही टेप होतो!" असा वर दमही दिला. मग बंद दाराचं लांबलचक दृश्य घेतलं. इतकं सुंदर आलं, की त्या आनंदात स्कूटरला किक मारली आणि थेट इंदापूरकडं सुटलो. उजनी धरणाचं पाणी ओसरून उघडं पडलेलं जुनं देऊळ टिपायचं होतं.

देवळापाशी बसून सकाळचं चित्रण तपासत होतो. कॅमेऱ्याच्या इवल्याशा काचेत एक हात आला आणि दाराला कडी घालून गेला. मनगटावर माझं घड्याळ होतं!

परतताना स्कूटर पंक्चर झाली. व्हायलाच हवी होती. कन्हेरीत शिरतो तोच आत्याचे शेजारी, तात्या, आडवे आले.

"आत्या बारामतीला गेली का रं? हाका मारल्या, तर ओ न्हाय. दाराला भाईरनं कडी."

"असेल, असेल," मी म्हणालो. (हो, एवढंच म्हणालो.)

कडी काढली. आत्या भिंतीला टेकून ताठ बसलेली. कुजबुजत म्हणाली, "झालं का तुझं?"

"हो... शॉट जरा लांबला."

"तात्या हाका मारून गेला. पर तू म्हनला हुतास ना, गप बस. म्या हूं का चूं केलं न्हाय."

पाच तास!

स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बंद दाराच्या दृश्यात एकटेपणा फार खरा उतरलाय, असं परीक्षक म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

ते खोटं मी सात वर्षं पोटात ठेवलं. शेवटी एकदा कन्हेरीला गेलो आणि चपला काढायच्या आधीच म्हणालो, "आत्या, त्या दिवशी शॉट लांबला नव्हता. मी तुला विसरून उजनीला गेलो होतो. माझं चुकलं."

"मला म्हाईत हाय की. स्कूटर गेल्याली ऐकू येत न्हाय व्हय मला?"

"मग तात्यांना ओ का नाही दिलीस?"

"त्यानं कडी काढली असती, तर तू कशाला म्हागारी आला असतास?"

एका माफीची तयारी करून गेलो होतो. दुसरी तिथंच, उंबऱ्यात बसून, तयारीशिवाय मागितली.