भायखळ्यापर्यंत बुटांचं पोतं

दादरला सकाळी सातला बसमधून उतरलो तेव्हा पिशवीत विनायकच्या नेमणुकीचं पत्र होतं आणि डोक्यात सरळ बेत: दुपारपर्यंत त्याची सही, चारच्या बसने सांगलीला परत. आमच्या शाळेने बास्केटबॉलचं नवं, छपराखालचं कोर्ट बांधलंय. प्रशिक्षक हवा तर विन्याच, असा हट्ट समितीत मीच धरला होता. एकेकाळी आम्ही दोघं एका कंपनीच्या संघात पगारावर खेळायचो. म्हणजे तो खेळायचा, मी बहुतेक वेळ बाकावर असायचो.

भोईवाड्यातल्या चाळीत हा सव्वासहा फुटी माणूस मान वाकवून दार उघडतो. गुडघा गेला, खेळ सुटला. आता परळच्या एका शाळेत मुलींना शिकवतो. मी पत्र काढायच्या आत त्याने माझ्या हातात रिकामं पोतं दिलं. उद्या गिरगावात मुलींचा सामना, म्हणून आज त्यांचे बूट गोळा करायचे. म्हटलं, मुली पायात घालून येणार नाहीत का? तर म्हणे, आदल्या दिवशी आया बूट धुतात. पोरगी चारचौघांत खेळणार, बूट पांढरेशुभ्र नकोत का! गेल्या वर्षी तिघी ओल्या बुटांत घसरल्या. तेव्हापासून हा सामन्याआधी घरोघरी जाऊन बूट ताब्यात घेतो. मी कपाळाला हात लावला आणि पोतं खांद्यावर टाकलं.

बरं, बूट घ्यावेत आणि निघावं, तर तेही नाही. लालबागच्या सावंतकाकू दारातच म्हणाल्या, "आदी घावणे खावा, मगे बूट घेवन जावा." घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, पातळ डोसे) आणि काळ्या वाटाण्याची उसळ. चव अप्रतिम, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या इमारतीत पोहे, त्यापुढे शिरा. एका घरी खाल्लं आणि दुसऱ्या घरी नुसतं पाणी प्यायलं, तर ते लोकांच्या लक्षात राहतं, म्हणून विन्या सगळीकडे मांडी घालून बसतो. तीही एकच, दुसरा पाय सरळ ठेवून. दोनदा पत्राचा विषय काढला, दोनदा "बघू रे" एवढंच. जिने चढून माझा जीव मेटाकुटीला आला होता आणि पोत्याचा वास सहन होत नव्हता.

दुपारी भायखळ्याला शेवटचं घर, समीक्षा कांबळेचं. बूट गॅलरीतल्या तारेवर लटकत होते. पाणी ठिबकत होतं. तिची आई इस्पितळात आया आहे, ड्युटीवरून आल्या आल्या तिने ते घासले होते.

"सर, तिचा पहिलाच सामना," ती म्हणाली. "मळके बूट घालून कशी पाठवू?"

मला वाटलं, आता हा भडकेल. तो खाली बसला, रद्दी मागितली आणि बुटांत कागद कोंबायला लागला. कागद भिजला की काढायचा, नवा कोंबायचा, बूट पंख्याखाली उलटे करायचे. मलाही एक बूट दिला. यात चार वाजून गेले. माझी बस गेली.

जिना उतरताना माझा संयम सुटला. काय नाही ते बोललो. तिकडे कोर्ट आहे, राहायला घर आहे, मान आहे, आणि तू इथे लोकांचे बूट वाळवत बसतोस. काय आहे रे तुला इथे?

तो कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. खाली पोचल्यावर बोलला. "ऑपरेशननंतर तीन महिने खोलीत पडून होतो. संघातलं कुणी आलं नाही. या शाळेच्या बाई आल्या. म्हणाल्या, खुर्चीत बसून शिकवा. तेव्हाच्या मुली रोज माझी खुर्ची मैदानापर्यंत उचलून न्यायच्या."

"मी फोन केला होता," मी म्हटलं.

"हो. एकदा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मला माझीच लाज वाटली. पत्र मी पिशवीतून काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीत समितीने विचारलं, का नाही म्हणाला? मी सांगितलं, पगार कमी वाटला त्याला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मुंबईच्या माणसांना दोन शब्द सुनावले आणि दुसरं नाव शोधायला घेतलं. खरं कारण सांगायचं, तर त्या तीन महिन्यांत मी दोनदा दादरला लग्नांना जाऊन आलो होतो, हेही सांगावं लागलं असतं.