हळूबाईंची काच

पालकसभेला आलेल्या सगळ्या आया प्रगतिपुस्तकांत डोकं घालून बसल्या होत्या. एकच बाई खिडकीपाशी उभी राहून, मान वाकडी करून, तावदानाकडे तिरकं बघत होती. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती वळली आणि म्हणाली, "बाई, ही काच पुसणाऱ्याने निम्मी उभी पुसली आणि उरलेली घाईघाईनं आडवी. मधेच घंटा झाली असणार."

"तुमच्या मुलीला गणितात चांगले गुण आहेत," मी म्हटलं.

"हो का? वडिलांवर गेली असेल," ती म्हणाली आणि पुन्हा काचेकडे वळली.

ती गेल्यावर मीही मान वाकडी करून बघितलं. मला आपली एक स्वच्छ काच दिसली.

त्या आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या काचेच्या कारखान्यात काम करायच्या, हे मला नंतर कळलं. गल्लीतली मुलं त्यांना हळूबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग तर नव्हताच. चहा ओतताना, जिना उतरताना, दाराची कडी लावताना त्यांचा हात असा चाले, की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागे. त्यांचे यजमान बस चालवायचे. ते म्हणायचे, "दिवसभर मी लोकांना वेळेवर पोचवतो आणि घरी आलो की भाजीसाठी थांबा नंबर सात!"

पण त्या हळूपणावरच कारखाना चालला होता. मोजमापाच्या यंत्रांना आणि प्रोजेक्टरला लागणाऱ्या काचांवर तिथे एक थर चढवत. थर इतका पातळ, की सरळ बघितलं तर तो दिसत नसे. काच तिरकी धरली की जांभळी झाक तेवढी उमटे. थर सगळीकडे सारखा असला तर झाक एकच. कुठे जाड, कुठे पातळ झाला, तर पिवळी-निळी ठिगळं पडत आणि काच बाद होई. काम सांगायला सोपं होतं. उंच डब्यात स्पिरिटसारख्या वासाचं औषध भरायचं, काच दोरीला टांगून त्यात उभी बुडवायची, आणि कप्पीवरून आलेली ती दोरी लाकडी चाकावर गुंडाळत काच वर काढायची. मिनिटाला दोन बोटं. मधे थांबायचं नाही, घाई करायची नाही. हात जरासा अडखळला तरी काचेवर आडवी रेघ उमटे. मालकांनी एकदा चाकाला मोटर लावून पाहिली. तिच्या थरथरीनं एका काचेवर इतक्या रेघा आल्या, की ती वहीच्या पानासारखी दिसू लागली. मोटर मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला गेली आणि चाकावर हळूबाईच राहिल्या.

मी कधी शाळेतून येताना तिथे डोकवायची. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळ्यांच्या डोक्याला फडकी बांधलेली, आणि दारावर पाटी : 'दार आपटू नये. आपटल्यास काच तुमची.' हळूबाई चाकापाशी उभ्या असत. काच वर येई तेव्हा त्यांचा श्वासही चाकाबरोबर फिरतोय असं वाटे. औषधाचा तो गोडसर, नाकात चढणारा वास आजही कुठे आला, तर मी क्षणभर त्या दारात जाऊन उभी राहते.

मुलगी नववीत आली त्या वर्षी हळूबाईंचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची. मग काचांवर रेघा यायला लागल्या. दहांतल्या दोन, मग चार, मग सहा. डॉक्टर म्हणाले, वय आहे, गोळी घ्या, जिवाला घोर लावू नका. मालक मनाने भले. त्यांनी हळूबाईंना बसवून घेतलं आणि सांगितलं, "वहिनी, पुढच्या महिन्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. पगार तोच राहील."

"वीस वर्षं थर चढवला, आता खोक्यात कागद कोंबू?" त्या मला म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी जिना त्या भरभर उतरल्या. मला ते बघवलं नाही.

महिना संपायला बारा दिवस उरले असताना त्यांच्या हातून एक चूक झाली. संध्याकाळी डबा रिकामा करायचा म्हणून त्यांनी रबरी नळी लावली, औषध खालच्या बरणीत सोडलं आणि बरण्यांची झाकणं बघायला गेल्या. परत आल्या तर डब्यात एक काच टांगलेलीच राहिली होती. औषध गेलं होतं, काच जागच्या जागी. त्यांनी कपाळावर हात मारला, काच वाळवली, थर पक्का करायला भट्टीतून काढली आणि दिव्याखाली तिरकी धरली. वरच्या अर्ध्या भागावर एकसारखी जांभळी झाक. एक रेघ नाही. खाली मात्र रंग पिवळट होत गेलेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चौकशीला घरी गेले. स्वयंपाकघरात मायलेकी एका उंच डब्यासमोर जमिनीवर बसलेल्या. डबा पाण्याने भरलेला, आत पट्टी उभी केलेली, मुलीच्या हातात घड्याळ. यजमान टॉवेल खांद्यावर टाकून दारात. "बाई, तुम्हीच सांगा यांना. बादल्या सगळ्या प्रयोगाला गेल्या. मी काय आज कोरडीच आंघोळ करू?"

"जरा गप्प बसा हो, आकडे चुकतील," हळूबाई म्हणाल्या.

अडचण मुलीने मला समजावली. "काच हलवायचीच नाही, बाई. औषधच खाली न्यायचं. पण डबा भरलेला असतो तेव्हा धार जोरात, नंतर मंद. म्हणून खाली थर पातळ होतो."

"मग नळीला नळ लावून तो मोठा करत जायचा," मी म्हटलं.

"तो फिरवणार कोण?" हळूबाईंनी हात पुढे केला. तो थरथरत होता.

मुलगी पट्टीकडे टक लावून बसली होती. "आई, पाणी उतरतं आणि नळीचं तोंड तिथंच राहतं, म्हणून धार मरते. तोंडही पाण्याबरोबर तेवढंच खाली आलं तर?"

मग बुचाचा एक मोठा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवला. जाड तारेची उंच कमान करून ती त्यात रोवली आणि नळी तिला बांधली. एक टोक पाण्यात, दुसरं डब्याच्या काठावरून बाहेर. बूच खाली गेलं की सगळी कमानच, बाहेरच्या तोंडासकट, खाली येई. पहिल्यांदा बूच कलंडलं, दुसऱ्यांदा नळी काठाला अडकली. पाचव्या खेपेला मुलगी आकडे वाचू लागली : दोन बोटं, दोन बोटं, दोन बोटं. शेवटपर्यंत.

"मालकांना काय सांगशील?" यजमानांनी हळूबाईंना विचारलं.

"सांगीन, चूक झाली म्हणून."

कारखान्यात त्यांनी दहा काचा केल्या. मालकांनी एकेक दिव्याखाली धरली आणि शेवटची हातातून खालीच ठेवेनात. "ही कुणी ओढली?"

"कुणीच नाही."

पॅकिंगवाली हसली. "हळूबाई, तुम्ही तर स्वतःचंच काम घालवलंत. आता कुणीही करील हे."

"करू दे की. मी सांगेन चूक कुठे झाली ते."

"आणि नुसत्या बसणार?"

"बसेन. वीस वर्षं उभीच आहे."

मालकांनी चाक काढून टाकलं. डबे एकाचे चार झाले, दोन नव्या मुली आल्या. हळूबाई पॅकिंगला गेल्या नाहीत. दिव्याखालचं स्टूल त्यांचं झालं, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही काच खोक्यात जाईना. तरी एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "खरं सांगू का बाई, काच हातानं वर यायची ना, ते काही वेगळंच होतं."

यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हळूबाई आता मुलीकडे राहतात, गोळी नियमानं घेतात आणि मंगळवार सोडून रोज दहा ते एक कारखान्यात काचा तपासायला जातात.