नवे टायर, नवे ब्रेक आणि मागची सीट

त्या महिन्यात आमच्या घरात एकच वाद चालू होता. दोष टायरचा की बाबांचा?

झालं होतं असं. आई आणि बाबा मोटारसायकलवरून दिल्लीतल्या आयएनए मार्केटला नारळ आणि अळूची पानं आणायला गेले होते. द्वारकेला घरी परतताना आर. के. पुरममधल्या एका गोल चक्करपाशी गाडी घसरली. बाबांचं कोपर सोललं, आईचं मनगट मोडलं आणि पिशवीतला एक नारळ गडगडत रस्त्याच्या पलीकडे गेला. तो एका ऑटोवाल्याने परत आणून दिला. आईने फोनवर मला आधी नारळाची गोष्ट सांगितली आणि मग मनगटाची. अशी आमची आई.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. ब्रेक दाबला, पण मागचं चाक सरकलं. टायर जुने, ब्रेक झिजलेले, माणूस काय करणार? आदल्या दिवशी मात्र हेच बाबा म्हणाले होते की कुत्रं आडवं आलं. मी विचारलं, "कुठलं कुत्रं?" तर म्हणाले, "असेल एखादं. दिल्लीत कुत्र्यांना काय तोटा." मग मी आईकडे वळले. ती तर मागेच बसलेली होती, तिने सगळं पाहिलं असणार.

"मी कुठे पाहिलंय? माझे डोळे मिटलेले होते," आई म्हणाली.

हे मला नवीनच. आई लग्न झाल्यापासून बाबांच्या मागे डोळे मिटूनच बसते म्हणे. आधी स्कूटरवर, मग ह्या गाडीवर. मी म्हटलं, "मग एवढी वर्षं दिल्ली पाहिलीस कधी?" तर म्हणे, "उतरल्यावर." आणि ही भीती नाही हं, असंही वर. "ते चालवताहेत ना, मग मी कशाला बघायचं?" कप्पाळ! अपघाताची एकुलती एक साक्षीदार, आणि तिचे डोळे बंद.

बाबा सत्तरीला आलेले. रिटायर व्हायच्या आधी घेतलेली ही गाडी. मेट्रोत त्यांना कोंडल्यासारखं होतं आणि कॅब बोलवायची तर मला फोन करावा लागतो, जे त्यांना मुळीच आवडत नाही. गाडी आहे तोवर ते कोणाचे मिंधे नाहीत. त्यामुळे दोष टायरचा ठरला तर बाबा पुन्हा गाडीवर, आणि बाबांचा ठरला तर चावी खुंटीला, कायमची. हे आम्ही कोणी मोठ्याने बोलत नव्हतो, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनीच शेवटी तोड काढली. "दोन्ही टायर नवे घालू, पुढचे-मागचे ब्रेक बदलू, आणि मग त्याच चक्करला जाऊन बघू. कळेल."

मी गुरुग्रामच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांच्या चुका शोधते. त्याचाच मला पगार मिळतो. पण ह्या प्रकरणात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मला गाडी बंद व्हायला हवी होती, यात शंका नव्हती. मग बाबांना परीक्षाच का देऊ द्यायची? आणि नाही द्यायची, तर कुठल्या तोंडाने? पुण्याहून दादा म्हणाला, "विकून टाक यार, तू आहेस ना तिथे." त्याचं बरं आहे. त्यातून ही गाडी पंधरा वर्षांची होत आलेली, आणि दिल्लीत पंधरा वर्षांपुढे पेट्रोलची गाडी रस्त्यावर आणायची नाही असा नियम. तो लागू आहे, मग थांबवलाय, मग पुन्हा लागू आहे, असं रोज नवीन ऐकायला येतं. थोड्याच दिवसांत भंगारात जाऊ शकेल अशा गाडीला नवेकोरे टायर घालायचे, हा शहाणपणा की खुळेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तोवर काय बोडक्या टायरवर चालवू?"

सगळ्यात कहर म्हणजे आई त्यांच्या बाजूने. जिचं मनगट प्लास्टरमध्ये, ती म्हणतेय, "बदलू देत की. प्लास्टर निघालं की मी बसणारच आहे मागे." मी हात टेकले.

गाडी पडल्या दिवसापासून आर. के. पुरममधल्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडेच उभी होती. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासूनचा हा मिस्त्री. आधी स्कूटर, नंतर ही गाडी, सगळं त्याच्याच हातचं. शनिवारी मी आणि बाबा तिथे गेलो. बाबा कोपऱ्यावर चहा सांगायला गेले तशी मी दादाला फोन लावला आणि तिथल्या तिथेच मराठीत सुरू झाले. दिल्लीतल्या मराठी माणसाची ही जुनी खोड. चारचौघांत, दुकानदारासमोर, शेजाऱ्यासमोर बिनधास्त मराठीत बोलायचं, कोणाला कळतंय? माझं मराठी अर्धं हिंदी झालेलं असलं तरी ह्या कामाला ते अजून येतं. मी म्हटलं, "दादा, मी ह्या मिस्त्रीलाच पटवते. बाबांना सांग म्हणते की गाडीचा सांगाडाच वाकलाय, आता दुरुस्त होणार नाही. त्याचं ते ऐकतील. बाबांचा उजवा हात कापतो रे हल्ली, पण त्यांना सांगणार कोण?"

फोन ठेवला. मिस्त्री चाकाचा नट सोडवत खाली बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बिटिया, झूठ मैं नहीं बोलूँगा. साहब से तो बिल्कुल नहीं."

मग तो हसून म्हणाला की तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्या डोक्यावर उभं राहून मराठीत भांडताय, मला येणार नाही तर काय. म्हणजे आजवर आम्ही त्याच्यासमोर त्याच्याच बिलाबद्दल जे जे बोललो ते सगळं त्याला कळलं होतं.

मग विचारलंच. खरं सांगा, दोष कोणाचा? त्याने जुना टायर उचलून दाखवला. वरची नक्षी बरी होती, पण रबर कडक झालेलं, कडेला बारीक भेगा. पकड कमी असणार, म्हणाला. मागचे ब्रेक शू झिजले होते, पण ब्रेक लागत होता. पुढच्या डिस्कचे पॅड अजून थोडे चालले असते. "म्हणजे टायरचा दोष?" मी विचारलं. "हो सकता है." "की बाबांचा?" "वो भी हो सकता है." आणि वर हेही सांगितलं की नवा टायर सुरुवातीला सांभाळून चालवा, त्याच्यावर एक तुळतुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत नवाही घसरतो. म्हणजे जुना घसरतो, नवाही घसरतो. मग बाबांची परीक्षा घ्यायची तरी कशावर? तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले आणि विषय तिथेच राहिला.

आईचं प्लास्टर निघाल्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. आईने मनगटाला क्रेप बँडेज बांधलं होतं आणि हेल्मेट बरोबर आणलं होतं. परत जाताना ती बाबांच्या मागे बसून जाणार, हे तिने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. मिस्त्रीने तिला स्टूल दिलं. ती हेल्मेट मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "आधी तू बस. चक्करपर्यंत जाऊन या. मग मी."

काळेभोर टायर, बाजूचे रबराचे केसही तसेच. बाबांनी पुढचा ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहिला आणि मान हलवली. मी मागे बसले. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहायचे, मागे इतकं जवळ बसून त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती. शर्ट खांद्यावर सैल झाला होता. हात कापत होता की इंजिन थरथरत होतं, ते मला कळेना. बाबा सावकाश चालवत होते, रस्ताही रविवारचा मोकळा. मला वाटायला लागलं, छान तर चालवताहेत. उगाच आपण काहूर माजवलं.

चक्कर दिसलं, त्याच्या अलीकडे एक कडुनिंब. उजवीकडून एक बस येत होती. बाबा ब्रेक दाबतील म्हणून मी वाट पाहिली. मग गाडी जोरात थांबली, मी त्यांच्या पाठीवर आदळले, आणि बस आमच्या समोरून निघून गेली. आम्ही पांढऱ्या रेघेच्या बऱ्याच पुढे उभे होतो. घसरलो मात्र नाही. टायर जागच्या जागी.

बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "तू पाहिलंस ना? मी ब्रेक कुठे दाबला? त्या कडुनिंबापाशी, की त्याच्या पुढे?"

कडुनिंबापाशी, असं म्हणायला हवं होतं. पुढे, म्हणजे उशिरा, असंही म्हणता आलं असतं, आणि महिनाभर मला हवं होतं ते तिथेच मिळालं असतं. पण मला खरंच माहीत नव्हतं.

"बाबा, माझे डोळे मिटलेले होते."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "आई मिटते तसे?"

"नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटली."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हेल्मेट काढलं, चावी काढून माझ्या हातात दिली आणि गाडीवरून उतरले. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मीच भांडायला लागले. टायर नवे आहेत, मिस्त्रीने सांगितलंय सवय व्हायला वेळ लागतो, बसवालाच वेगात होता, पुन्हा एकदा जाऊन पाहू. महिनाभर बाबा जे जे म्हणत होते ते सगळं मी म्हणत होते. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चल, धर मागून."

मला गाडी चालवता येत नाही, आणि त्यांना आता चालवायची नव्हती. आम्ही ती ढकलत परत आणली. नव्या टायरवर ती सहज जात होती.

आईने लांबून पाहिलं आणि उठून उभी राहिली. हेल्मेट तिने डोक्यावर चढवलेलं होतं, पट्टासुद्धा लावलेला. "अहो, काय झालं? बंद पडली का?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "ब्रेक फार छान लागतात."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग एका हाताने पट्टा सोडायला लागली, पण बँडेजमुळे तिला जमेना. बाबांनी पुढे होऊन तो सोडवला. त्यांनाही बराच वेळ लागला.