आधी अहवाल, मग वर्ष

पुढचं वर्ष कसं जाईल हे आमच्या शेजारच्या काकांइतकं ठामपणे सांगणारा माणूस उभ्या रत्नागिरीत सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांचा पत्रिकेवर काडीचाही विश्वास नाही. काका आमच्या वाडीच्या मंडळाचे चिटणीस. मांडवीच्या वरच्या अंगाला आमची तीस-चाळीस घरांची वाडी, आणि तिच्या मंडळाची कामं सालाबादची ठरलेली. वैशाखात विहीर उपसायची, गणपतीआधी पाखाडीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, पाऊस गेला की कार्तिकात घरांमागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, दगडमातीचा बंधारा घालून पाणी अडवायचं, थंडीत एक सहल, शिमग्याला पालखीची वाट झाडायची. इतर मंडळांचे चिटणीस ही कामं झाल्यावर अहवाल लिहितात. आमचे काका गुढीपाडव्याला दुपारचं जेवण झालं की झोपाळ्यावर बसतात आणि येणाऱ्या वर्षाचा अहवाल लिहून मोकळे होतात. तोही सगळं होऊन गेल्याच्या थाटात. "विहीर उपसण्यात आली. पाणी नेहमीपेक्षा गोड लागलं." एकदा मी म्हटलं, "काका, झाल्यावर लिहा ना." तर झोपाळा न थांबवता म्हणाले, "झालेलं काय, कोणीही लिहील. वर्ष जात्याच आळशी असतं रे, त्याला काय करायचंय ते आधी सांगून ठेवावं लागतं."

हा अहवाल काकांच्या वहीत असतो, त्याची प्रत देवळाच्या खांबाला वर्षभर टांगलेली असते, आणि आम्ही येता-जाता आपण काय काय केलं ते वाचतो. एकदा छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं वाचलं की ते न करण्याची हिंमत होत नाही. एका वर्षी काकांनी लिहिलं होतं की कार्तिक पंचमीला, निरभ्र आकाशाखाली, बंधारा घालण्यात आला. त्या पंचमीला सकाळपासून अवेळी पाऊस. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, पुढे ढकलायचं का? काकांनी पाखाडीच्या टोकाला येऊन नुसतं आकाशाकडे पाहिलं, त्या आकाशाचं काहीतरी चुकतंय अशा नजरेनं. आम्ही एका हातात छत्री आणि एका हातात धोंडा घेऊन बंधारा घातला. दुपारी काकू कळशीभर कोकम सरबत घेऊन पऱ्यावर आल्या. तेही अहवालात असतंच: "बंधाऱ्यावर सर्वांनी काकूंच्या हातचं सरबत घेतलं." कुडकुडत आम्ही ते थंडगार सरबत प्यालो. काकू म्हणाल्या, "प्या हो मुकाट्यानं. ह्यांनी लिहिलनी, आता घशाला सोसवो न सोसवो!" चारच्या सुमारास ढग फाटले, निळं तुकडाभर आकाश दिसलं, आणि काका समाधानानं घरी गेले.

काका स्वप्नाळू आहेत, पण लबाड नाहीत. लिहिलेलं घडलं नाही की त्याच दिवशी लाल पेनानं ते वाक्य खोडायचं, आणि पाडव्यानंतरच्या रविवारी वार्षिक सभेत खोडलेलंही मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. "खोटं वाक्य मंजूर करून घेतलं, त्या दिवशी मंडळाला कुलूप लावा," असं ते दर सभेत सांगतात. यावर नजर ठेवायला आमचे निवृत्त गणिताचे मास्तर आहेतच. मास्तरांनी गेल्या वीस सभांत उभं राहून "हरकत आहे" याखेरीज दुसऱ्या कशानं वाक्य सुरू केल्याचं मला आठवत नाही. एका वर्षी काकांनी लिहिलं की आरे-वारेच्या सहलीत सर्वांना डॉल्फिन दिसला. झालं, आम्ही चाळीस माणसं डबे खाऊन संध्याकाळपर्यंत वाळूत बसून समुद्राकडे डोळे लावून. सूर्य टेकला तेव्हा लांबवर काहीतरी काळं वर आलं आणि बायकामुलांनी एकच गिल्ला केला. मास्तर चष्मा पुसून म्हणाले, "हरकत आहे. ओंडका आहे तो." काकांनी खूप वेळ पाहिलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि तिथल्या तिथे वहीत रेघ मारली. परतताना गाडीत मात्र मला हळूच म्हणाले, "ओंडक्याच्या मागे असेल, नाही?"

अहवालाचं शेवटचं वाक्य दर वर्षी एकच असतं: "या वर्षी वाडीतलं कोणी गेलं नाही." काही वर्षी ते खोडावं लागतं. मग काका त्यावर लाल अक्षरात नाव लिहितात आणि सभेत उभं राहून वाचतात. पण ते वाक्य खरं ठरवायचा त्यांचा आटापिटा बघण्यासारखा असतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या नव्वदीच्या आजी एकदा ऐन फाल्गुनात अंथरुणाला खिळल्या. काका रोज संध्याकाळी उशाशी जाऊन बसायचे. शेवटी आजी वैतागून म्हणाल्या, "तुझी सभा कधी आहे ती सांग मेल्या, तोवर राहते!" आजी शब्दाला जागल्या. सभा झाली आणि नंतर सवय लागल्यागत त्यांनी आणखी तीन सभा काढल्या.

काकूंनी मात्र असं काही कबूल केलं नव्हतं. गेल्या माघात त्या चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. चाळीस वर्षांचा संसार. मी शेजारी, माझं जाणं-येणं असायचं. वही टेबलावर उघडी, शेजारी लाल पेन, आणि काका झोपाळ्यावर. झोपाळा हलत नसे. ते वाक्य खोडलं की नाही हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मला भीती वाटत होती ती सभेची. खोडलं तर काकूंचं नाव त्यांना उभं राहून वाचावं लागणार होतं, आणि न खोडावं तर समोर मास्तर होते.

सभेला सगळी वाडी आली. काकांनी वाचायला सुरुवात केली. विहीर झाली, पायऱ्या झाल्या, बंधारा झाला, सरबत झालं. सहलीचा उल्लेख झाला, पालखीची वाट झाली. मग ते थांबले. खिशातून लाल पेन काढलं, टोपण काढलं आणि पेन तसंच कागदावर धरून राहिले. काकांनी वर न बघता वाचलं, "या वर्षी वाडीतलं कोणी गेलं नाही."

मास्तर उभे राहिले. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहवाल," ते म्हणाले, "जसा वाचला तसा मंजूर करावा, असं मी सुचवतो." अनुमोदन द्यायचं काम दर वर्षी माझं, माझा आवाज मोठा म्हणून. त्या दिवशी मी नुसता हात वर केला. माझ्यामागोमाग सगळ्यांनीच केला. काकांनी पेनाचं टोपण लावलं. एवढंच झालं. त्या सभेत आम्ही सगळ्यांनी मिळून एक धडधडीत खोटं मंजूर केलं आणि मंडळाला कुलूप लावायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

नवा अहवाल आता देवळात टांगलाय. परवा मी वाचला. अक्षर थोडं कापरं झालंय, बाकी सगळं तेच आहे. बंधाऱ्यावर सर्वांनी काकूंच्या हातचं सरबत घेतलं, हेही आहे. सवयीनं लिहिलं की जाणूनबुजून, कोण विचारणार? घरी येऊन मी बायकोला सांगितलं. फडताळाच्या वरच्या फळीवर काकूंनी गेल्या वैशाखात दिलेली कोकम सरबताची बाटली होती, निम्मीअधिक भरलेली. ती तिनं अगदी मागे, डब्यांच्या आड सरकवून ठेवली आणि मुलांना बजावलं, कार्तिकापर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही.