पाठमोऱ्या काकी

जेवणाऱ्या माणसाकडे काकी बघत नसत. ताट पुढ्यात ठेवलं की त्या वळायच्या आणि भिंतीकडे तोंड करून गप्पा सुरू ठेवायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेलं कुणी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवलं की मला हळूच विचारायचं, "त्या रागावल्यात का हो?"

काकी मूळच्या आपटा गावच्या. जमिनीचे पैसे आले तसा मुलाने नवीन पनवेलला आमच्या खालच्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि पाताळगंगेच्या काठावर जन्म काढलेली बाई दोन खोल्यांत आली. येताना पाटा-वरवंटा घेऊन आली. लिफ्टमध्ये तो घालायला तीन माणसं लागली आणि काकी प्रत्येकाला दम देत होत्या.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी आहे, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. जेवणाऱ्याला नजर लागते वगैरे मी मानत नव्हते, आजही मानत नाही. पण काकींची ती पाठ मला कळली ती एका फार वाईट वर्षात.

माझी मुलगी ओवी चार वर्षांची असताना तिच्या घशात शेंगदाणा अडकला. ती ना रडली, ना खोकली. सहज मान वळवली म्हणून मला तिचे निळे ओठ दिसले. नवऱ्याने तिला पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या, दाणा पडला, श्वास आला. त्यानंतर ओवी फक्त कुस्करलेला दूधभात खायची, तोही गालात धरून ठेवायची. वर्षभराने तिचे जुने फ्रॉक घट्ट व्हायच्या ऐवजी ढगळ दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, भीती बसलीय. मी प्रत्येक घासाला तिच्या गळ्यावर डोळे लावून बसायचे. गेला का? आ कर. जीभ वर कर. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि चावायची थांबायची.

एकदा काकी पातेलं परत द्यायला आल्या आणि आमचं हे जेवण त्यांनी पाहिलं. लगेच दाराकडे वळल्या. म्हणाल्या, "पोर भात कुठं गिळतंय, बाय? तुझं भ्याव गिळतंय. रविवारी खाली पाठव तिला. वाल सोलायचं हायत."

"काकी, ती वाल नाही खाणार."

"खायला कोन बोलवतंय? कामाला बोलवते."

वाल म्हणजे शेंगदाण्याएवढाच दाणा. रविवारी मी ओवीच्या मागोमाग खाली गेले. परातीत मोड आलेले वाल कोमट पाण्यात भिजत होते. चिमटीत दाबला की साल हातात राहतं आणि दाणा सुळकन उडतो. ओवीचा पहिलाच दाणा काकींच्या नाकावर बसला. "अगो, काकीला मारतेस?" म्हणत त्यांनी नाक धरलं आणि ओवी हसली. माझं लक्ष मात्र तिच्या हाताकडे. एखादा तोंडात गेला तर?

वालांचं बिरडं चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढलं. थोड्या वेळाने काकींनी एक दाणा बशीत काढून, फुंकर घालून ओवीपुढे ठेवला. "तू मुकादम. बोटानं दाब. पीठ झाला तर शिजला. तू हो म्हनल्याबिगर कुनी जेवायचं नाय."

ओवीने दाबला. "नाही शिजला." झाकण परत बसलं. काकींचा मुलगा आत डोकावला. "आये, भूक लागलीय."

"मना काय सांगतोस? मुकादमीनबाईला विचार."

तो बराच वेळ ताटकळला. शेवटी एक दाणा बोटाखाली लोण्यासारखा पसरला. ओवी बोटाकडे बघत राहिली. काकींनी माझा खांदा धरला आणि मला भिंतीकडे फिरवलं, त्याही फिरल्या.

"काकी, अडकला तर?"

"कान हायत ना तुला? ऐक."

अडकल्यावर आवाज येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. मागे काहीच ऐकू येत नव्हतं. काकींनी माझं मनगट धरलेलं होतं आणि त्यांचा तळवा गार, घामेजलेला होता. त्याही घाबरल्या होत्या. तरी मागे वळल्या नाहीत, मलाही वळू दिलं नाही.

मग मागून आवाज आला, "मीठ कमी आहे."

त्यानंतर रविवार काकींचे झाले. ओवी तांदळाच्या भाकरीची उकड मळायला शिकली, सुकट निवडायला शिकली. एका लग्नात तिने ताटातला बटाटा आधी बोटाने दाबून पाहिला आणि माझी नणंद लाजली. मला काही लाज वाटली नाही. कारलं ती आजही खात नाही. काकीही खात नसत.

गेल्या उन्हाळ्यात काकींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. मुलाने त्यांना आपट्याच्या घरी नेलं. श्रावण लागायच्या आत त्या गेल्या, पण मला आठवते ती त्याआधीची आमची शेवटची भेट. मऊ, घोटलेलं अन्न द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकी तोंडच उघडत नव्हत्या. मुलगा, सून, जावा, सगळे खाटेभोवती वाकून उभे. "आ करा, आये, आ करा." काकी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. ती नजर मी पाच वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

माझ्यासोबत आलेली ओवी तेव्हा दहाची होती. ती उठून आत गेली. सुनेला सोबत घेऊन तिने घरातल्या मोड आलेल्या वालांचं बिरडं शिजवलं, दाणा बोटाने दाबून पाहून, घोटून, गाळून वाटीत आणलं. वाटी उशीला टेकून बसलेल्या काकींच्या मांडीवर ठेवली, चमचा डाव्या हातात दिला आणि आम्हा मोठ्यांना म्हणाली, "आता सगळे वळा."

"अगं, ठसका लागला तर?" मी म्हणाले.

"वळ ना, आई."

काकींचा मुलगा आधी वळला. मग आम्ही सगळे. भिंतीकडे तोंड करून आठ-नऊ माणसं उभी. ओवीने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

बराच वेळ काही नाही. मग चमचा वाटीला लागला. थोड्या वेळाने परत लागला.

कुणीही मागे पाहिलं नाही.