उजवा प्रसाद

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी भावाचा विषय काढला की मी खाणींकडे वळायचो, काजूच्या पिकाकडे वळायचो, नाहीतर उठून पाणी प्यायला जायचो. माझा धाकटा भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेला एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. लोक "नशीब" म्हणतात आणि मी मान हलवतो. ज्यांना खरं सांगायला हवं होतं ती दोघंही आता नाहीत. तरी लिहून ठेवतो. निदान देवावरचा आळ उतरू दे.

भाऊ गोव्यात डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा त्याचा ट्रक आमच्या गावच्या घरासमोर फणसाखाली उभा राहिला, आणि तो पेडण्यातली वडिलार्जित शेती बघू लागला. गाव हळर्ण्याजवळचं. मी डिचोलीत मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलो. भाऊ खाण्यात दांडगा. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की त्याचे उंडे आणि पातळभाजी ठरलेली. त्याच माणसाला दोन घास खाऊन पोट भरल्यासारखं वाटू लागलं. "ट्रकवाल्याचं पोट, जळणारच," असं मीच म्हणालो. जळजळीच्या गोळ्या त्याने बरेच महिने खाल्ल्या. मग शौचाला काळं पडू लागलं, आणि दुर्बीण घालून तपासल्यावर रोगाचं नाव कळलं.

उपचारासाठी तो आणि भावजय आमच्याकडे डिचोलीला येऊन राहिली. मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण वयाने माझ्या विद्यार्थिनींसारखी होती. मी मास्तर होतो हे कळल्यावर ती मला "सर" म्हणू लागली. तिने आम्हां तिघांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. गाठ जठरात आहे, अजून काढता येण्यासारखी आहे. ऑपरेशनही करायचं आणि केमोथेरपीही द्यायची, त्यात वाद नाही. प्रश्न होता तो आधी काय याचा. त्या इस्पितळात त्यावर अभ्यास चालू होता. काही रोग्यांचं आधी ऑपरेशन आणि मग औषधं. काहींना आधी थोडी औषधं, मग ऑपरेशन, मग उरलेली औषधं.

"जठर काढल्यावर वजन उतरतं, सर. मग पुष्कळांना औषधं पूर्ण झेपत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून आधी देऊन बघतोय. पण आधी दिल्याने फायदाच होतो, असं आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

"मग कुणाला काय, हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मी नाही आणि तुम्हीही नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो."

भाऊ एकदम हसला. "म्हणजे ह्यो प्रसादच की गे बाय! फक्त ह्यो देव विजेच्या करंटार चलता."

डॉक्टरीणही हसली. आमच्याकडे काही अडलं की देवाला प्रसाद लावतात. पुजारी ओल्या कळ्या मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, जमिनीचा वाद, सगळं त्या कळ्यांवर. मी विज्ञान शिकवणारा. ओल वाळली की कळी पडते, हे मी मुलांना वर्गात सांगायचो. घरी मात्र गप्प बसायचो.

भावाने सही केली. चिठ्ठीत आलं, आधी औषधं.

तो निवांत होता. मी मात्र बिथरलो. पोटात गाठ तशीच ठेवून शिरेतून औषध सोडत बसायचं, हे माझ्या मनाला पटेना. खरं तर मला ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. मी स्वतः मुलांकडून वालाच्या दोन कुंड्या करून घ्यायचो, एक उन्हात, एक अंधारात. तुलना केल्याशिवाय काही कळत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. पण दुसऱ्या दिवशी मी एकटाच डॉक्टरणीकडे गेलो आणि म्हणालो, "माझा भाऊ कुंडी नव्हे."

"दोन्ही कुंड्यांना पाणी मिळणार आहे, सर," ती शांतपणे म्हणाली. "आधी कुठलं, एवढाच फरक."

"मग पुन्हा एकदा चिठ्ठी काढा."

हे बोलल्यावर माझं मलाच हसू आलं असतं, एवढं ते आमच्या गावचं बोलणं होतं. एका देवाने डावा दिला की लोक दुसऱ्या देवाकडे जातात. ती म्हणाली, पुन्हा काढता येत नाही. मात्र रोग्याला नको असेल तर तो केव्हाही बाहेर पडू शकतो, त्याच्या उपचारात कमी होणार नाही. पण ते त्याने सांगायला हवं.

घरी येऊन मी भावाला घेरलं. "घरात फुरसं शिरलं तर आधी मारतोस की धूर घालून वाट बघतोस?"

"दादा, तू मास्तर, मी ड्रायवर. माका जां गावलां तां बरां," तो म्हणाला. पण मी सोडेना. दोन दिवस तोच विषय. शेवटी वैतागून तो म्हणाला, "तुझां आयकलां तर डॉक्टरीण रागावतली, तिचां आयकलां तर तू. आमच्या देवाक विचार. तो सांगता तसां करतंय."

त्याला गावापर्यंतचा प्रवास झेपणार नव्हता. भावजय त्याच्यापाशीच हवी होती. तिने नारळ आणि फुलं पिशवीत घालून माझ्या हाती दिली. "दादा, नीट विचारा हां," ती म्हणाली. "उलटसुलट नाका."

देवळात पुजारी आणि मी, दोघंच. प्रश्न मी नीट सांगितला. अभ्यास सोडून आधी ऑपरेशन करावं काय? पुजाऱ्याने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि बाजूला बसला. पंखा बंद केलेला होता. मी त्या उजव्या कळीकडे असा बघत होतो की बघूनच ती पडेल. डावी पडली. हलकीच, मूर्तीच्या पायाशी.

"नाय म्हणता," पुजारी म्हणाला. मी अजून उजव्या कळीकडेच बघत होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "देवान सांगलां, मास्तर. मानचां न मानचां तुमचां." त्याने तीर्थ दिलं, ते मी प्यालो.

परत येताना मनात फारशी लढाई झाली नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. ओल वाळली, कळी पडली, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. देव मी मानत नव्हतो. अभ्यास मी समजत होतो, पण तोही मानला नाही. दारात भावजय उभी होती. "काय दिल्यान?"

"उजवा," मी म्हणालो.

भावाने आतून हात जोडले. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. तेवढा सुटल्यासारखा चेहरा मी त्याच्या दुखण्यात एरवी कधी पाहिला नाही.

त्या डॉक्टरणीला तोंड दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी भावाला राज्याबाहेरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं, आणि ते चांगलं केलं होतं, त्यांना मी बोल लावत नाही. पण भाऊ त्यानंतर उभा राहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. पेज चमच्याने, तीही थोडी थोडी. अंगावरचा सदरा कुणा दुसऱ्याचा वाटायचा. औषधं सुरू करायला उशीर झाला, आणि सुरू केली तेव्हा ती त्याला झेपेनात. उलट्या, तोंड आलेलं, रक्तातल्या पेशी घटलेल्या. मधेच थांबवावी लागली. पुढच्या काजूच्या हंगामाआधी रोग यकृतात उतरला होता.

त्याचा शेवट गावीच झाला. शेवटच्या दिवसांत एकदा मी त्याचे पाय चेपत होतो. डोळे मिटूनच त्याने विचारलं, "दादा, देवान उजवोच दिल्लो नी?"

सांगायची ती वेळ होती. त्याच्या पायाची हाडं माझ्या हाताला लागत होती.

"उजवोच," मी म्हणालो.

"मगे घडता तां बऱ्याकच," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

तो गेल्यावर बऱ्याच काळाने मी त्या डॉक्टरणीला भेटलो. आधी औषधं घेतली असती तर तो वाचला असता का, एवढंच विचारायचं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला खुर्ची दिली. "कुणीच सांगू शकत नाही," ती म्हणाली. "अभ्यास संपला तरी तुमच्या भावाचं उत्तर त्यात नसणार, सर. तो अनेकांबद्दल सांगेल. एकाबद्दल नाही." मी बाहेर येऊन आवारातल्या बाकावर बसलो. मी त्याला मारलं असं म्हणता येत नाही, मारलं नाही असंही म्हणता येत नाही. मात्र एक गोष्ट कुठल्याही अभ्यासाशिवाय पक्की होती. निवड त्याची होती. ती मी देवाच्या नावाने काढून घेतली.

भावजयीने देव सोडला. शिगम्यात पालखी घरोघर फिरते, बायका ओटी घेऊन दारात उभ्या राहतात. तिने दार लावून घेतलं. वाडीतल्यांना वाटलं, पहिलं वर्ष आहे, दुःख ताजं आहे. पण दरवर्षी ढोल जवळ आले की ते दार बंद व्हायचं. एकदा मी तिच्या घरात होतो. पालखी दारापुढे थांबली, बाहेरून कुणीतरी म्हणालं, "अगो, देव दारात इलो!" आतून तिचं उत्तर, "येंव दी. माझ्या घोवाक फटवन व्हरताना विचारलां काय त्यान?" नवऱ्याला देवानेच फसवून नेलं, असं ती उघड म्हणत होती. ढोल पुढे गेले.

मी तिथेच बसलो होतो. ती चहा घेऊन आली. "तुमी कित्याक तोंड पाडतात, दादा? तुमी जां आयकलात तां येवन सांगलात. फटयल्यान तो त्या देवान."

तो चहा मी प्यालो, आणि त्यानंतर दरवर्षी तिथे जाऊन पीत राहिलो. प्रत्येक वेळी बसमध्ये वाक्य जुळवायचो आणि उंबरठ्यावर ते विसरल्यासारखं करायचो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. म्हातारपणच, दुसरं काही नाही. शेवटी कुणीतरी देवळातलं तीर्थ आणलं आणि घरातला वडीलधारा म्हणून पळी माझ्या हातात दिली. मी वाकलो. तिला कशाचं पाणी आहे ते कळलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. भोवतालच्यांना वाटलं, मी देवाचं नाव घेतो आहे, म्हणून ते सगळे थांबले. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. पळीतलं पाणी तिच्या उशीवर सांडलं.

बोलायचं होतं ते एवढंच होतं. "बाय, देवाने फसवलं नाही. डावा पडला होता. उजवा मी सांगितला. मला क्षमा कर."